डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरचं बीजगणित: सुरुवात कुठून करायची

दहावी झाली, पॉलिटेक्निकला नंबर लागला, ब्रँच मिळाली. आता पहिल्याच सेमिस्टरला ‘बेसिक मॅथेमॅटिक्स’ समोर उभं आहे. त्यात पाच भाग: बीजगणित, त्रिकोणमिती, सरळ रेषा, डिफरन्शियल कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स. पहिला भाग बीजगणिताचा, म्हणजे लॉगॅरिदम, पार्शल फ्रॅक्शन, मॅट्रिक्स आणि डिटरमिनंट. हा लेख त्या पहिल्या भागाबद्दल आहे. तो जमला तर बाकीचे चार बरेच हलके होतात, कारण त्या सगळ्यांत बीजगणितच वापरायचं असतं.

‘मॅथ्स का राहिला?’ असं केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या मुलाला विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘सर, लॉग समजलाच नाही.’ त्याचा क्लास टेस्टचा पेपर उघडून बघावा तर लॉगचा नियम अगदी बरोबर लिहिलेला असतो. पुढच्या ओळीत कंस सोडवताना वजाचं अधिक झालेलं असतं आणि तिथून गणित भरकटलेलं असतं. पहिल्या सेमिस्टरला मुलं नव्या धड्यांपेक्षा आठवी-नववीतल्या कच्च्या राहिलेल्या गोष्टींवर जास्त मार्क घालवतात. त्यामुळे तयारीही तिथूनच सुरू करायची.

(वर्गात अज्ञात संख्येला एक्स म्हणतात, इथे मी तिला जुन्या पद्धतीने क्ष म्हणतो आहे. गणित तेच.)

पहिलं काम: स्वतःची परीक्षा घ्या

कॉलेज सुरू व्हायच्या आधी किंवा पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि ही आठ गणितं सोडवा. घड्याळ लावू नका.

१. −७ + ३ − (−५)
२. ३/४ − ५/६
३. २(३ − क्ष) = १०, तर क्ष किती?
४. (क्ष − ३)² चा विस्तार
५. क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव
६. −३क्ष = १२, तर क्ष किती?
७. क्ष = −२ असताना क्ष² − ३क्ष ची किंमत
८. २³ × २⁴

उत्तरं: १, −१/१२, −२, क्ष² − ६क्ष + ९, (क्ष − २)(क्ष − ३), −४, १०, १२८.

आठही बरोबर आली तर पुढचा भाग वरवर चाळून थेट लॉगवर जा. दोन-तीन चुकली तर घाबरायचं कारण नाही, निम्म्या वर्गाच्या वहीत हेच असतं. कुठली चुकली त्यावर खूण करा. पाच-सहा चुकली तर मात्र पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास आठवी-नववीच्या पुस्तकाला द्या. सगळं पुस्तक नको: पूर्णांकांची आणि अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, घातांक, विस्तारसूत्रं, अवयव आणि एका चलाचं समीकरण एवढंच. धाकट्या भावंडाचं पुस्तक मागून घ्यायला लाजू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात.

हात कुठे घसरतो

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते एक पाठ केलेलं वाक्य: ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.’ शाळेत वेळ वाचवायला सांगितलेला हा नियम. बेरीज-वजाबाकीला तो चालतो, गुणाकाराला चालत नाही. वरचं सहावं गणित बघा, −३क्ष = १२. पुष्कळ मुलं ३ पलीकडे नेतात, चिन्ह बदलतात आणि क्ष = १२/३ = ४ लिहून मोकळी होतात. उत्तर −४ आहे. इथे −३ ने क्ष ला गुणलेलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना −३ ने भागायचं. निदान पहिला महिनाभर ‘पलीकडे नेणं’ बंद करा. जे काही करायचं ते दोन्ही बाजूंना करा आणि ती ओळ लिहा: ‘दोन्ही बाजूंना −३ ने भागून’. एक ओळ वाढेल, पण चूक होणार नाही.

दुसरी जागा कंसाआधीच्या वजाची. हे समीकरण घ्या:

७ − (क्ष − ३) = २क्ष + १

घाईत लिहिलं जातं ते असं: ७ − क्ष − ३ = २क्ष + १, म्हणजे ४ − क्ष = २क्ष + १, म्हणजे क्ष = १. दिसायला सुबक उत्तर, त्यामुळे शंकाही येत नाही. पण क्ष = १ मूळ समीकरणात ठेवून बघा. डावी बाजू ७ − (−२) = ९ आणि उजवी बाजू ३. जुळत नाही. कंसाबाहेरचा वजा आतल्या दोन्ही पदांना लागतो: ७ − क्ष + ३ = २क्ष + १, मग १० − क्ष = २क्ष + १, ९ = ३क्ष, क्ष = ३. आता पडताळा: डावीकडे ७ − ० = ७, उजवीकडे ६ + १ = ७. जुळलं.

हा पडताळा करायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. समीकरण सोडवताना स्वतःचं उत्तर स्वतःच तपासता येतं, ही सोय फार कमी विषयांत असते. इतिहासाच्या पेपरात सन चुकलं की नाही हे हॉलमध्ये कसं कळणार? इथे कळतं. तरी मुलं पडताळा करत नाहीत, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

तिसरी जागा अपूर्णांकातल्या काटाकाटीची. (क्ष + ६)/६ दिसलं की वरचा ६ आणि खालचा ६ काटून ‘क्ष’ लिहिणारे खूप. क्ष च्या जागी १२ ठेवा: १८/६ = ३. काटून आलेलं उत्तर म्हणतं १२. काटायचं ते अवयवाला. बेरजेत अडकलेलं पद असं एकटं काटता येत नाही. पार्शल फ्रॅक्शनला याची पावलोपावली गरज पडते.

चौथी, (अ + ब)² = अ² + ब². सूत्र सगळ्यांना पाठ असतं, तरी हात असं लिहून जातो. (३ + ४)² म्हणजे ४९ आणि ९ + १६ म्हणजे २५. शंका आली की अक्षरांच्या जागी आकडे घाला. कुठलाही बीजगणिती नियम खरा की आपल्या मनचा, हे आकडे लगेच सांगतात.

मग नवे धडे

लॉग म्हणजे घातांकच, फक्त उलट बाजूने विचारलेला. २³ = ८, म्हणून २ या पायाला ८ चा लॉग ३. घातांक पक्के असतील तर लॉगचे तीन मुख्य नियम एका बैठकीत होतात. या धड्यातलं एक गणित नीट बघून ठेवा, कारण या जातीची गणितं परीक्षेत पुन्हा पुन्हा येतात:

लॉग(क्ष + ३) + लॉग(क्ष − ३) = लॉग २७

दोन लॉगांची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग. म्हणून (क्ष + ३)(क्ष − ३) = २७, क्ष² − ९ = २७, क्ष² = ३६, क्ष = ६ किंवा −६. बरेच जण इथे थांबतात. पण −६ मूळ गणितात ठेवलं तर लॉग(−३) येतो, आणि ऋण संख्येचा लॉग आपल्या अभ्यासक्रमात नसतोच. म्हणून उत्तर फक्त ६, आणि −६ का सोडलं हेही एका ओळीत लिहायचं. आणखी एक, लॉग(अ + ब) ला कुठलाही नियम नाही. तो फोडायचा मोह झाला की हात आवरा.

पार्शल फ्रॅक्शन म्हणजे एका मोठ्या अपूर्णांकाचे सोप्या अपूर्णांकांच्या बेरजेत तुकडे करणं. त्याचा जीव अवयवांत आहे. अवयव आले तर हा धडा मार्क मिळवून देणारा, नाही आले तर पहिल्याच ओळीत अडकवणारा. उदाहरण घ्या, (५क्ष + १)/(क्ष² + क्ष − २). छेदाचे अवयव (क्ष − १)(क्ष + २). आता हे अ/(क्ष − १) + ब/(क्ष + २) असं मांडायचं. छेद काढून टाकला की ५क्ष + १ = अ(क्ष + २) + ब(क्ष − १) उरतं. क्ष = १ ठेवा: ६ = ३अ, अ = २. क्ष = −२ ठेवा: −९ = −३ब, ब = ३. झालं. तपासायचं तर क्ष = ० ठेवून बघा. मूळ अपूर्णांक −१/२ होतो, आणि −२ + ३/२ सुद्धा −१/२ च. सुरुवात करण्याआधी मात्र एक बघायचं: अंशाची कोटी छेदाच्या कोटीइतकी किंवा जास्त असेल तर आधी भागाकार करावा लागतो. ते विसरलं तर पुढचं सगळं वाया.

डिटरमिनंटला नवीन समजू नका. दहावीच्या गणित भाग १ मधल्या पहिल्याच धड्यात तुम्ही निश्चयक काढलेत आणि क्रेमरच्या पद्धतीने दोन चलांची समीकरणं सोडवलीत. इथे दोनाच्या जागी तीन चलं येतात. मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांची चौकट. तिच्या गुणाकारात अ × ब आणि ब × अ सहसा सारखे नसतात, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. इनव्हर्स काढताना आधी डिटरमिनंट काढा. तो शून्य आला तर इनव्हर्स नाहीच, पुढे पान भरायची गरज नाही. कोफॅक्टरच्या वेळी अधिक-वजा-अधिक, वजा-अधिक-वजा, अधिक-वजा-अधिक ही चिन्हांची चौकट आधी पेन्सिलने बाजूला मांडून घ्या. शेवटी आलेली तिन्ही उत्तरं तिन्ही समीकरणांत ठेवून बघा. पहिल्यात जुळलं म्हणून उरलेल्या दोन्हींत जुळतंच असं नाही.

वही आणि रोजचा वेळ

यूट्यूबवर मराठीतून शिकवणारे चांगले व्हिडिओ भरपूर आहेत. बघा, पण बघितलं म्हणजे आलं असं धरू नका. पोहण्याचा व्हिडिओ बघून कुणी विहिरीत उडी मारत नाही. व्हिडिओतलं गणित मध्येच थांबवा, पुढच्या दोन ओळी स्वतः लिहा, मग चालू करा. वर्गातलं गणितही तसंच करायचं. फळ्यावरून उतरवलेलं उदाहरण त्याच दिवशी घरी पान झाकून पुन्हा सोडवायचं. अडलं तिथे झाकण काढून एकच ओळ बघायची आणि परत झाकायचं.

रोज पाऊण तास पुरतो, मात्र तो रोज हवा. रविवारी सलग सहा तास बसणाऱ्याला बुधवारपर्यंत काही आठवत नाही.

वहीत एका ओळीत एकच पायरी लिहा आणि बरोबरची चिन्हं एकाखाली एक येऊ द्या. चुकलं तर खोडरबर वापरू नका. एक आडवी रेघ मारा आणि बाजूला लिहा: ‘कंसाचा वजा’, ‘अवयव’, ‘नुसती घाई’. महिनाभराने ही शेरेबाजी वाचली की आपली चूक कुठल्या एका जागी होते ते स्वतःलाच दिसतं. आणि हो, वहीचं सजवलेलं पहिलं पान आणि चार रंगांची पेनं यांनी मार्क वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीतून प्रवेश झाला असेल तर तुम्ही येईपर्यंत लॉग संपलेला असतो. मागचं सगळं भरून काढून मग पुढे जाऊ, असं करू नका. वर्ग जिथे आहे तिथे बसा आणि मागचा धडा संध्याकाळी वेगळा करा. एखाद्याची वही मागा, पण एकट्याच्या वहीवर विसंबू नका, त्यातही चुका असतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

बेसिक मॅथ्समध्ये इंग्रजी फारसं लागत नाही. प्रश्नात येणारी क्रियापदं थोडीच: सॉल्व्ह, फाइंड, प्रूव्ह, रिझॉल्व्ह, इव्हॅल्युएट. वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजी शब्द आणि त्यासमोर शाळेतला मराठी शब्द अशी यादी करत जा, महिन्याभरात तिची गरज संपते. दुसरं म्हणजे, राज्य शासनाच्या धोरणानुसार २०२१-२२ पासून डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मराठी आणि द्विभाषिक माध्यमाची सोय आहे. उत्तर मराठीत किंवा मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलं तरी संकल्पना बरोबर असेल तर ते ग्राह्य धरावं, अशी सूचना एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या, मॉडेल उत्तरांत परीक्षकांसाठी छापलेली असते. म्हणजे ‘ऋण संख्येचा लॉग नसतो म्हणून −६ सोडलं’ असं मराठीत लिहिलंत तरी चालतं.

कॅल्क्युलेटर

पेपरात नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर चालतो. बहुतेक मुलं कॅसिओचा ८२ किंवा ९९१ घेतात. पहिल्या आठवड्यातच घ्या आणि त्याच्याशी ओळख करून घ्या. परीक्षेच्या सकाळी मित्राचा मागून नेलेला कॅल्क्युलेटर हमखास दगा देतो. तीन गोष्टी तपासा. −३ चा वर्ग करताना कंस घातला नाही तर तो −९ दाखवतो, कंसात (−३)² दिलं तर ९. लॉगचं बटण १० या पायाचं असतं, शेजारचं एलएन वेगळं. आणि त्रिकोणमिती सुरू झाली की मोड डिग्रीवर आहे ना ते बघा: साइन ३० चं उत्तर ०.५ यायला हवं, −०.९८८ आलं तर मशीन रेडियनवर आहे.

९९१ वर डिटरमिनंट थेट निघतो. त्याचा उपयोग तपासायला करा. पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत.

क्लास लावायचा का?

पालक प्रवेशाच्या दिवशीच हे विचारतात. माझं मत, लगेच नको. आधी महिनाभर वर्गात बसा, ट्युटोरियलची गणितं स्वतः सोडवा, अडलेलं घेऊन स्टाफरूममध्ये जा. जाताना ‘सर, काहीच कळत नाही’ असं म्हणू नका. वही उघडून ‘या ओळीपासून पुढे अडलं’ असं दाखवा. पहिल्या वाक्याने शिक्षकाला काही करता येत नाही, दुसऱ्याने दोन मिनिटांत काम होतं. एवढं करूनही आठवीचंच कच्चं राहत असेल तर शिकवणी जरूर लावा, फक्त तिथे मूळ पाया करून घेतात की नुसते आयएमपी, म्हणजे परीक्षेला येतील असे ठरावीक प्रश्न, देतात हे आधी विचारा. कॉलेज सोडून क्लासला बसणं तर अजिबात नको. हजेरी कमी भरली तर टर्मच अडकू शकते.

क्लास टेस्ट आणि जुने पेपर

थिअरीचे १०० मार्क: ३० अंतर्गत आणि ७० सेमिस्टरच्या शेवटी. अंतर्गत ३० मार्क दोन क्लास टेस्टच्या सरासरीतून येतात, म्हणून पहिली टेस्ट ‘बघू या काय येतं’ म्हणून देऊ नका. तिच्यात बीजगणितच जास्त असतं. पेपर परत मिळाला की मार्कांची बेरीज बघून बॅगेत टाकू नका, चुकलेली गणितं त्याच संध्याकाळी परत सोडवा.

७० मार्कांच्या पेपरचा साचा ठरलेला आहे. पहिल्या प्रश्नात सातपैकी पाच, प्रत्येकी २ मार्क. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्यात चारपैकी तीन, प्रत्येकी ४ मार्क. पाचव्या-सहाव्यात तीनपैकी दोन, प्रत्येकी ६ मार्क. वेळ तीन तास. म्हणजे पर्याय भरपूर आहेत आणि वेळही.

एमएसबीटीईच्या संकेतस्थळावर जुने पेपर आणि त्यांची मॉडेल उत्तरं फुकट मिळतात. बाजारातल्या जाडजूड गाईडपेक्षा ती मला जास्त उपयोगी वाटतात, कारण कुठल्या पायरीला अर्धा मार्क आणि कुठल्या पायरीला एक, हे तिथे ओळीसमोर लिहिलेलं असतं. मुलांचा समज असतो की उत्तर चुकलं म्हणजे सगळं गेलं. तसं नसतं. पार्शल फ्रॅक्शनमध्ये अवयव बरोबर, मांडणी बरोबर, शेवटी ब ची किंमत चुकली, तरी आधीच्या पायऱ्यांचे मार्क मिळतात. म्हणून गणित अर्धवट आलं तरी जेवढं येतं तेवढं स्वच्छ लिहा. परीक्षेआधी तीन-चार पेपर घड्याळ लावून, तीन तास सलग बसून सोडवा आणि मॉडेल उत्तर समोर ठेवून स्वतःच तपासा. तपासताना स्वतःला सूट देऊ नका.

हॉलमध्ये पहिली पाच मिनिटं पेपर वाचण्यात घाला आणि कुठली गणितं सोडायची ते ठरवा. सोपी आधी, पण उपप्रश्नांचे क्रमांक ठळक. शेवटची पंधरा मिनिटं पडताळ्याला ठेवा: समीकरणांत उत्तरं घाला, पार्शल फ्रॅक्शनमध्ये क्ष = ० ठेवून बघा, डिटरमिनंट कॅल्क्युलेटरवर काढा.

हिवाळी परीक्षेत विषय राहिलाच तर उन्हाळी परीक्षेचा फॉर्म भरताना तो विसरू नका, आणि अभ्यास पुन्हा लॉगपासून सुरू करण्याआधी वरची आठ गणितं एकदा सोडवा. निघाला असेल तरी वही रद्दीत घालू नका. दुसऱ्या सेमिस्टरच्या अप्लाइड मॅथ्समध्ये इंटिग्रेशन येतं आणि त्यातल्या एका पद्धतीत हीच पार्शल फ्रॅक्शन जशीच्या तशी करावी लागतात.